जांभळं न खाता

शाळेत मला 'जांभळी' म्हणायचे. खालच्या ओठावर नऊ आणि वरच्यावर चार, असे तेरा ठिपके. मोहरीएवढे, काळपट निळसर, जांभळं खाऊन तोंड पुसायचं राहिल्यासारखे. आईनं साय-हळद लावून पाहिली, जायफळ उगाळून लावलं, एका उन्हाळ्यात तर लिंबू चोळून ओठ सोलवटले. बाबांच्या ओठांवर तसेच होते, थोरल्या आत्याच्याही. आजी म्हणायची, "घराण्याचा शिक्का आहे तो, राहू दे." वयात आल्यावर ते फिकटले आणि उरलेसुरले बघायच्या कार्यक्रमांत लिपस्टिकखाली गेले. गालांच्या आतले मात्र तसेच राहिले. पण गाल आतून बघतंय कोण?

घराण्यात दुसरी एक गोष्ट होती, पोटदुखी. बाबांचं सव्विसाव्या वर्षी मिरजेला नेऊन पोट उघडलं होतं. आत्याचं दोनदा. माझा नंबर चौदाव्या वर्षी लागला. मे महिना, आमरस-पुरीचं जेवण आणि रात्री अशा कळा की मी फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले. कळ यायची, जायची, परत यायची. पहाटे हिरवी उलटी झाली. "अपेंडिक्स असणार," म्हणत नेलं. निघालं भलतंच. लहान आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून बसला होता, शर्ट काढताना बाही आतल्या आत ओढली जाते तसा. त्याच्या टोकाला सुपारीएवढी गाठ. अन्न पुढे ढकलताना आतडं त्या गाठीलाही ढकलतं आणि गाठ आपल्यामागे आतड्याची भिंत खेचून नेते, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा बाबांना ती गाठ बरणीत घालून दाखवली आणि वीतभर आतडं कापून आम्ही घरी आलो. डिस्चार्ज कार्डावर माझ्या पोटाबद्दल सगळं आहे. ओठांबद्दल एक अक्षर नाही.

बाबा एक्कावन्नाव्या वर्षी गेले. शौचातून रक्त जात होतं आणि आठ महिने मूळव्याध म्हणून मलमं, इसबगोल, ताक चाललं होतं. त्या डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या टेबलासमोर ओठांवर ठिपके आणि पोटावर जुना व्रण घेऊन बसलेला पेशंट होता, हे माझ्या डोक्यातून जात नाही. दुर्बीण घातली तोवर मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता.

लेक पाच वर्षांची असताना खोकल्यासाठी तिला पुण्यात एका तरुण बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी लेकीला आ करायला लावून टॉर्च मारला. जरा थांबल्या. मग टॉर्च माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "आई, तुम्हीपण आ करा बरं."

खोकल्याचं औषध लिहून द्यायचं त्या विसरल्याच!

प्युट्झ-जेगर्स सिंड्रोम. १९२१ साली प्युट्झ नावाच्या डच डॉक्टरनं एका कुटुंबात ठिपके आणि आतड्यातल्या गाठी, म्हणजे पॉलिप, यांची सांगड घातली. १९४९ साली अमेरिकेत जेगर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी रुग्णांची माहिती मांडली. बिघडलेलं जनुक, एसटीके११, १९९८ साली सापडलं. म्हणजे माझं पोट उघडलं तेव्हा ठिपक्यांची गोष्ट पुस्तकात केव्हाच छापलेली होती. ठिपके स्वतः निरुपद्रवी असतात. गाठींमुळे आतडं अडकतं, रक्त जातं, आणि मोठं आतडं, जठर, स्वादुपिंड, स्तन अशा कितीतरी ठिकाणी कॅन्सरचा धोका चांगलाच वाढतो. म्हणून माझी ठरावीक अंतरानं कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, आणि दरवर्षी स्तनांचा एमआरआय. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्रीचं ते पोट साफ करणारं खारट लिंबूपाणी दोन लिटर प्यायचं म्हणजे काय, ते प्यायलेल्यांनाच विचारा.

आई-बाबा आते-मामे भावंडं. बातमी कळल्यावर धाकटी काकू लगेच म्हणाली, "तरी मी म्हणत होते, नात्यात करू नये." आनुवंशिक आजारांच्या समुपदेशक बाईंनी तिचं म्हणणं खोडून काढलं. या आजाराला आईबापांपैकी एकाकडून आलेलं बिघडलेलं जनुक पुरतं, प्रत्येक मुलामागे छापा-काटा. पॉलिपचा दुसरा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात दोन्हीकडून बिघाड यावा लागतो. तिथे नात्यातलं लग्न आड येतं, इथे नाही. हे ऐकून आई रडली. इतकी वर्षं ती मनात काय धरून बसली होती कोण जाणे.

माझ्या घरी एकदा छापा आला आणि एकदा काटा. मुलगा सुटला, लेकीला आहे. आठव्या वर्षी तिनं कॅप्सूल कॅमेरा गिळला, मोठ्या गोळीएवढा, आतून फोटो काढत जाणारा. कमरेला रेकॉर्डरचा पट्टा बांधून ती दिवसभर ऐटीत फिरली. "कॅमेरा परत द्यायचा असतो का?" नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. लहान आतड्यात दोन गाठी दिसल्या. त्यातली मोठी तोंडावाटे लांब दुर्बीण घालून काढली, पोट उघडावं लागलं नाही. आमच्या घराण्यात असं पहिल्यांदाच.

राहिला माझा धाकटा भाऊ. "मला ठिपके नाहीत, विषय संपला," म्हणतो. ठिपके पुसट होतात, काहींना नसतातही, हे त्याला फोनवर तीनदा सांगून झालं. त्याचा मुलगा चार वर्षांचा आहे. माझ्या जनुक-चाचणीच्या रिपोर्टमुळे नेमकं कुठे बघायचं ते लॅबला माहीत आहे, भावाचं नुसतं रक्त हवं.

यंदा भाऊबीजेला ओवाळताना मी तबक जरा खालीच धरलं. निरांजनाच्या उजेडात ओठ नीट दिसतात.

"वर धर की, मिशी जाळशील," तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "बघून झालं, तायडे?"

"ओठ झाले. आता गाल."

वहिनी, आई, पोरं, सगळी बघत होती. त्यानं साडीची पिशवी खाली ठेवली आणि लाडू भरवून घेताना करतात तसा आ केला.