राजीनाम्याआधीचा हिशेब

सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीतील एका कारखान्याने मला फिक्स्चर (काम करताना पार्ट नेमक्या जागी पकडून ठेवणारी चौकट) डिझाइन करण्याचे वर्षभराचे काम कंत्राटी पद्धतीने देऊ केले आहे. त्यासाठी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील कायम नोकरी सोडावी की नाही, या प्रश्नावर सध्या आमच्या घरात रोज बोलणे होते. कंत्राटाची मासिक रक्कम माझ्या हातात पडणाऱ्या पगारापेक्षा बरीच जास्त आहे. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवून निर्णय घेणे धोक्याचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझे मूळ वेतन ४०,००० रुपये आहे. त्याच्या १२ टक्के, म्हणजे ४,८०० रुपये, कंपनी दरमहा भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांत भरते आणि ते थांबतील, हे उघड आहे. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हिशेब मात्र जरा खोलात जाऊन पाहावा लागला. नोकरीची पाच वर्षे केव्हाच पूर्ण झाल्यामुळे आजवरची रक्कम मला मिळेलच; पण ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजली जाते, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन आणि महिना २६ दिवसांचा, या पद्धतीने. त्यामुळे पुढे होणारी प्रत्येक पगारवाढ मागच्या सगळ्या वर्षांनाही लागू होते. आज राजीनामा दिला, तर ती सगळी वर्षे आजच्या वेतनावर गोठतील. कंपनीमार्फत असलेला आई-बाबांचा आरोग्य गटविमाही जाईल. बाबांना मधुमेह आहे आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून विमा कंपनीशी बोलणे राजीनाम्यानंतर नव्हे, आधीच करायला हवे.

पण हे सगळे दर वाढवून भरून काढता येते. दराने भरून न निघणारी गोष्ट म्हणजे पैसे येण्याची तारीख.

माझा एक जुना सहकारी काही वर्षांपूर्वी स्वतंत्र झाला. सातपूरच्या त्याच्या छोट्या ऑफिसात त्याने मला एका वेल्डिंग फिक्स्चरची फाइल उघडून दाखवली. ट्रायलच्या वेळी ग्राहकाने पत्र्याच्या पार्टमधील एका भोकाची जागा दोन मिलिमीटरने बदलली, त्याने त्याप्रमाणे लोकेटिंग पिन (पार्ट नेमक्या जागी बसवणारी पिन) सरकवून सुधारित ड्रॉइंग दिले आणि फिक्स्चर उत्तम चालू लागले. ड्रॉइंगवर ‘रेव्हिजन २’ आले. परचेस ऑर्डरवर मात्र ‘रेव्हिजन १’ राहिले. अकाउंट्स विभागाने बिल थांबवून सुधारित ऑर्डर मागितली, परचेसने डिझाइनवाल्यांची सही मागितली आणि सही करणारे साहेब नेमके रजेवर होते. दरम्यान त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी त्याला स्वतःच्या खिशातून भरावा लागला, कारण कर बिल काढले की लागू होतो. ग्राहकाने पैसे दिले की नाही, हे तिथे पाहिले जात नाही. तो म्हणाला, “अरे, काम अडलं असतं तर रात्रभर बसून सोडवलं असतं. कागद अडला, की नुसती वाट बघायची.”

कायदा अशा माणसाच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघू उद्योगांचे पैसे, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, मी पहिल्याच आठवड्यात करणार. पण ज्याच्याकडून पुढचे काम यायचे आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार दाखल करणे किती जणांना परवडते? आपले पोट एकाच ग्राहकावर असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

बाबा नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झाले. त्यांच्या उभ्या नोकरीत पगाराची तारीख कधी चुकली नाही, त्यामुळे ते मला अडवतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “दुसरं गिऱ्हाईक कोण?” या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. एकाच कारखान्यासाठी रोज आठ तास राबणारा कंत्राटदार हा माझ्या मते रजा, निधी आणि ग्रॅच्युइटी नसलेला नोकरदारच असतो, आणि वर्षाअखेरीस करार वाढवला नाही, तर त्याला विचारणारे कोणी नसते.

तरीही मला जायचे आहे, हे मी लपवत नाही. कोऱ्या स्क्रीनपासून ट्रायलपर्यंतचे संपूर्ण काम करण्यात मला जो आनंद मिळतो, तो आता नोकरीत रिपोर्ट आणि मीटिंगांखाली दबून गेला आहे. नोकरी सांभाळून बाहेरची कामे घेण्यास नेमणूकपत्रात मनाई आहे आणि तो मार्ग मलाही मान्य नाही. त्यामुळे सिन्नरच्या कारखान्याला मी लेखी कळवले आहे: ऑर्डरसोबत ४० टक्के आगाऊ रक्कम, ट्रायलनंतरच्या प्रत्येक बदलासाठी वेगळी ऑर्डर आणि इतर ग्राहकांची कामे घेण्याची स्पष्ट मुभा. त्यांनी हे मान्य केले, दिवाळीपर्यंत दुसऱ्या एका कारखान्याकडून लेखी होकार आला आणि घरखर्च व पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता धरून सहा महिन्यांची रक्कम बाजूला पडली, तर मी राजीनामा देईन. यातली एक जरी गोष्ट राहिली, तर यंदा नोकरी सोडणार नाही, असे मी घरात सांगितले आहे.