फ्लशची टाकी गळते तेव्हा

काही दिवसांपासून आमच्या घरी फ्लशची टाकी कोणी हात न लावताही मधूनच भरू लागे, आणि घरातल्या बहुतेकांचे मत बॉलकॉक (टाकीत पाणी घेणारा, फुग्याने उघड-बंद होणारा नळ) बदलावा असेच होते. माझ्या मते या कामात नवा भाग विकत आणणे ही शेवटची पायरी आहे. पाणी नेमके कुठून जाते हे कळल्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नसतो.

फरशी कोरडी ठेवून होणारी गळती सर्वांत फसवी. टाकीच्या तळाशी असलेल्या रबरी झडपेखालून पाणी गुपचूप भांड्यात झिरपते, पातळी उतरली की बॉलकॉक उघडतो आणि टाकी पुन्हा भरते. मिनिटाला 100 मिलिलिटर एवढीच गळती धरली, तरी दिवसाला 144 लिटर पाणी वाया जाते.

ती ओळखण्यासाठी टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करू नये; भांड्यात रंग दिसला, तर झडप गळते आहे. मात्र त्याआधी पातळी पाहून घ्यावी, कारण पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या टाकीतल्या उभ्या नळीच्या) तोंडातून आत पडत असेल, तर रंग तिथूनही भांड्यात उतरतो आणि दोष उगाच झडपेच्या माथी मारला जातो. पातळी त्या तोंडाच्या साधारण अडीच सेंटिमीटर खाली असावी. ती वर जात असेल, तर बॉलकॉकचा फुगा खाली घेऊन पाहावा, आणि तरीही पाणी थांबत नसेल तरच त्याचे वॉशर तपासावे.

आमच्याकडे पातळी योग्य होती, तरी रंग उतरला. भिंतीवरचा कॉक बंद करून टाकी रिकामी केली आणि झडप काढली, तेव्हा रबराने बोटे काळी झाली. त्याची कड एका बाजूला कडक होऊन उचललेली होती. ज्या कडेवर ते रबर टेकते, तिथेही क्षारांचा खरखरीत थर बोटाला लागत होता. नवे रबर या थरावर बसवले असते, तर गळती तशीच राहिली असती, म्हणून व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो आधी घासून काढला. पॉलिश पेपर मी मुद्दामच वापरला नाही, कारण त्याच्या चऱ्यांतूनही पाणी वाट काढते. जुने रबर दुकानात सोबत नेल्यामुळे मापाचा घोळ झाला नाही. झडप उचलणारी साखळी किंचित सैल ठेवली. ती ताणलेली राहिली तर झडप पुरती टेकत नाही, आणि फार सैल असली तर झडपेखाली अडकते. (टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्यांनी रबर लवकर खराब होते, त्यामुळे मी त्या वापरत नाही.)

फरशीवर पाणी दिसत असेल, तर सगळे कोरडे पुसून सांध्यांना टिश्यू पेपर गुंडाळावा. कुठला कागद आधी भिजतो ते पाहिले की जागा सापडते. टाकीच्या बाहेरच्या अंगावर नुसते दव साचलेले असेल, तर ती गळतीच नव्हे. नट आवळताना हात आखडता घ्यावा, कारण चिनी मातीला तडा गेला तर वॉशरचे काम टाकी बदलण्यावर जाते. फक्त फ्लश केल्यावर भांड्याच्या बुडाशी पाणी येत असेल, तर बहुधा खालचे सील गेलेले असते. त्यासाठी भांडेच उचलावे लागते, आणि ते काम मी प्लंबरवर सोपवतो.