पीजे तळघरात उतरवताना

पाचोरा-जामनेर गाडी, आमची पीजे, २०२० ला लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता तिथं ब्रॉडगेज होणारे, होऊ दे, लोकांची सोय आहे. पण ज्या अडीच फुटी रुळांवरून लहानपणी आईसोबत पहूरला मामाकडे जायचो ते रूळ मला हवे होते, म्हणून त्या गाडीचं छोटं चालतं मॉडेल करायला गेल्या वर्षी आमच्या जुन्या घराचं तळघर रिकामं केलं. पूर्वी त्यात धान्य ठेवायचे. वर मे महिन्यात ४४ असतं तरी खाली बसवतं, आणि अठरा बाय दहाची खोली, अशी जागा दुसरीकडे कुठं मिळणार.

पहिला प्रश्न स्केलचा. पीजेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. मॉडेल गाड्यांचा एचओ स्केल म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, ७६२ ला ८७ ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि एन नावाच्या त्याहून छोट्या स्केलचे रूळ असतात ९ मिलिमीटरचे! म्हणजे एनचे रूळ आणि एचओची माणसं, घरं, बैलगाड्या घेतल्या की नॅरोगेज तयार. फक्त एनचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, फार छोटे न दाटीवाटीने असतात, ते डोळ्याला खटकत होते, मग समोर दिसतात तेवढ्या भागातले कापून काढले आणि आइस्क्रीमच्या काड्या चिरून हाताने लावले. एका मीटरला दोन संध्याकाळी जातात, पण फोटोत बघितलं की कष्टाचं चीज होतं.

दुसरा प्रश्न लांबीचा. ५६ किलोमीटर १:८७ मध्ये बसवायचे तर ६४४ मीटर रूळ पाहिजेत, माझ्याकडे जिना वगळून भिंतीच्या कडेने जेमतेम चौदा. म्हणजे बरंच काही गाळावंच लागणार. मी रद्दी पेपर चिकटवून जमिनीवर खऱ्या मापाची आखणी केली, आठवडाभर त्यावरून चाललो न मग तीन स्टेशनं ठेवली, पाचोरा, शेंदुर्णी, जामनेर. दोन्ही टोकांना इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला यायला पाहिजे, म्हणून तिथं लूप, म्हणजे शेजारून जाऊन परत मिळणारा दुसरा रूळ, लागतोच, आणि एका लूपला गाडीचा रूळ बदलणारे दोन सांधे, त्यातच बरीच जागा जाते. फळीची रुंदी मात्र अडीच फुटाच्या वर नेऊ नका, मागच्या रुळावरून डबा पडला तर हात पोचला पाहिजे.

आता चूक सांगतो. रूळ मी भर ऑगस्टमध्ये ठोकले. तळघरात ओल, प्लायवूड फुगलेलं, आणि मी रुळांचे जोड एकमेकांना घट्ट भिडवून सोल्डर केले. मार्चमध्ये प्लायवूड वाळून आकसलं, रूळ धातूचे, ते थोडीच आकसणार? शेंदुर्णीच्या पुढे रूळ सापासारखे वाकले न तिथं प्रत्येक वेळी डबा उतरायचा. सगळं उपटलं. आता प्लायला दोन्ही बाजूंनी ऑइलपेंट, दर मीटरला एक मिलिमीटरची फट, आणि त्या फटीमुळे करंट तुटू नये म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर. रुळातून लांबवर करंट नेला की त्याचा दाब कमी कमी होत जातो न इंजिन शेवटी रांगायला लागतं, ते दुखणंही यानेच गेलं.

शेतांसाठी आमच्याच मळ्यातली काळी माती आणली, उन्हात वाळवली, वस्त्रगाळ केली, पातळ फेविकॉलने बसवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर भेगा! खरी माती खऱ्यासारखीच वागली, एप्रिलमधलं कपाशीचं मोकळं रान दिसतं ना, हुबेहूब ते. शेतात तशीच राहू दिली, रुळाच्या कडेला मात्र खडी न रंगवलेला भुसा वापरला.

परवा रविवारी पहिल्यांदा इंजिन न चार डबे पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत न उतरता गेले. आईला हात धरून खाली आणलं, खुर्ची दिली. ती गाडी जाताना मान वळवून बघत राहिली, बोलली काही नाही. गाडी जामनेरला थांबल्यावर म्हणाली, "भाऊ, पहूर कुठंय रे?"

तिचं माहेरच मी गाळलं होतं, शेंदुर्णी न जामनेरच्या मधे जिना येतो, तिथं नुसती गाडीपुरती सुटी पट्टी टाकली होती, स्टेशनला जागा नव्हती म्हणून.

काल मिस्तरींना बोलावून माप दिलं. जिन्यासमोर तीन फुटांची फळी, एका बाजूला बिजागऱ्या, उचलली की माणूस जाईल, खाली टेकवली की रूळ जुळतील. पहूरला लूप बसणार नाही, एकच रूळ, एक छोटा प्लॅटफॉर्म आणि एक निंब, एवढं बसतंय.