मचाण मिळेपर्यंतची गोष्ट

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभागाच्या मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजायची, ऐकायला भारी वाटतं. मचाण मिळवताना मात्र डोक्याला ताप होतो.

आधार, फोटो, शुल्क, सगळं ऑनलाइन पटकन झालं. पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज आला, पोर्टलवर मात्र ‘प्रलंबित’. पुन्हा भरा म्हणाले, पुन्हा भरले. पुन्हा कापले, पुन्हा प्रलंबित! कार्यालयाचं नाव घेत नाही. फोन केला की, “साहेब राउंडला गेलेत.” नाहीतर, “ऑनलाइनचं आमच्याकडं नसतं, वरच्या ऑफिसला विचारा.” वरचं ऑफिस परत खाली पाठवणार. तिकडं एकेक मचाण भरत चाललेलं. शेवटी पावत्यांची प्रिंट घेऊन स्वतःच गेले. बाबू शांतपणे म्हणाले, “मॅडम, लेखी अर्ज द्या.” म्हणजे ऑनलाइन अर्ज मंजूर व्हावा म्हणून हातानं अर्ज! दिला. पण आवक शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत टेबलासमोरून हलले नाही. त्या संध्याकाळीच मचाण नक्की झाल्याचा मेसेज आला. तुम्हीही फोनवर वेळ घालवू नका, सरळ आवक क्रमांक घ्या.

वाघ मोजायच्या हौसेनं जाणार असाल तर आधीच सांगते, वाघांचा आकडा इथून निघत नाही. तो दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी गणनेतून येतो. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात. 2022 च्या त्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले. आपल्या रात्रीतून कळतं ते एवढंच, की भर उन्हाळ्यात कुठल्या पाणवठ्यावर काय काय येतं. तेही एकच सांबर दोनदा आलं तर दोनदा लिहिलं जाण्याची भीती असतेच. म्हणून वेळ, नर-मादी, पिल्लं, कुठून आलं, कुठं गेलं, सगळं तिथल्या तिथं लिहा. सकाळी आठवून लिहू म्हटलं की घोटाळा.

अत्तर, भडक कपडे नकोत. चिवड्याचं कुरकुरीत पाकीट तर मुळीच नको, शेजारणीच्या पाकिटानं भेकर उधळलं. पाणी भरपूर न्या, एकदा वर चढलं की सकाळी गार्ड येईपर्यंत खाली उतरायचं नसतं. आणि हो, पहाटे चांगलीच थंडी वाजते, मे महिना म्हणून चादर घरी ठेवू नका.

अस्वल आलं, रानडुकरं आली, वाघ आला नाही. मला चाललं.

दुसऱ्यांदा कापलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. त्याचाही लेखी अर्ज दिलाय, आवक क्रमांकासकट.