तासाला पन्नास पैसे

रात्रीचा एक वाजून गेलाय आणि मी परत तोच मेसेज उघडून बसलेय. काही मोठं झालेलं नाहीये खरं तर. कुणी भांडलं नाही, कुणी ग्रुप सोडून गेलं नाही. पण दाताच्या फटीत बडीशेपेचा दाणा अडकावा आणि जीभ सारखी तिथंच जावी तसं झालंय परवापासून, म्हणून लिहितेय. लिहून निघाला तर निघाला.

रविवारी आमच्या सांगलीच्या ग्रुपवर कुणीतरी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा जुना फोटो टाकला आणि सगळेच सुटले. पूल 1929 चा की नंतरचा यावर वीसेक मेसेज (1929 चाच आहे, मी ठणकावून सांगितलं, नानांची मुलगी आहे मी), मग चोर गणपती, मग भडंग कुणाकडचं खरं, मग वखारभागातनं जाताना नाकातोंडात जाणारी हळद, आणि मग हरभट रोडवर कुठल्या दुकानानंतर कुठलं दुकान होतं यावर जी काय जुंपली की विचारू नका. आमचा अमेरिकेतला एक जण आहे, त्याला म्हणे पाट्यांचे रंगसुद्धा आठवतात. आठवत असतील बाबा. मला पाट्या आठवत नाहीत, मला आवाज आठवतात नाहीतर वास.

तर त्या भरात मी पण लिहिलं. मारुती चौकातनं आत गेल्यावरचं सायकलचं दुकान. तासाला पन्नास पैसे. मी सातवीत होते, म्हणजे 1983. आठ आणे फ्रॉकच्या खिशात घट्ट धरून जायचं, तिथं भिंतीला एक गोल घड्याळ होतं ते पाच मिनिटं पुढं होतं असं आमचं ठाम मत, आणि एका तासात हरिपूरला जाऊन यायचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिंचेची झाडं, संगमापर्यंत पोचायला वेळ मिळाला तर नशीब, नाहीतर अर्ध्यातनंच माघारी कारण पाच मिनिटं जास्त झाली तर पुढच्या खेपेला ऐकून घ्यायला लागायचं. आधी हाफ पायडल, मग नळीवरनं, मग सीटवर. गुडघ्याची खूण अजून आहे माझ्या.

आणि ते पंक्चर काढणं. ते मी फार मन लावून लिहिलं होतं. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात इंच इंच फिरवायची, बुडबुडा आला की तिथं काडी धरायची, पुसून कानशीने घासायचं, सोल्युशन बोटानं फासून त्यावर एक फुंकर, मग ठिगळ, मग हातोडीचे दोन टोले. दोनच. आम्ही रांगेत उकिडवे बसून बघायचो. बुडबुडा आधी कुणाला दिसतो याची पैज असायची. आणि आऊट काढताना, म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढताना, दुकानवाले ते चाक उलट्या सायकलवर गरगर फिरवून, एक डोळा मिटून बघत बसायचे आणि एकच तार किंचित पिळायचे, मग परत फिरवायचे.

चांगलं लिहिलं होतं. उगाच कशाला लाजू, चांगलंच लिहिलं होतं. बदाम काय, टाळ्या काय, एकानं तर लिहिलं डोळ्यात पाणी आलं.

फक्त सुरुवात अशी होती, की "आपल्या तिरळ्याचं सायकलचं दुकान कुणाकुणाला आठवतंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. ती ग्रुपवर आहे हेच मी विसरले होते, ती कधी गुड मॉर्निंगसुद्धा टाकत नाही. लिहिलं होतं, "माझे वडील ते. दुकान उजव्या हाताला होतं, डाव्या नाही. घड्याळ बरोबर होतं." आणि त्याखाली त्यांचं नाव. पूर्ण, वडलांच्या नावासकट, आडनावासकट. बास. राग नाही, चेहरा नाही, काही नाही.

ते नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की मी सुटल्यासारखं होईल, आणि मला एवढ्यात सुटायचं नाहीये बहुतेक.

पहिला विचार काय आला खरं सांगू? की मेसेज डिलीट करावा. पण डिलीट केला की तिथं पाटी लागते की डिलीट केलाय, म्हणजे आणखीच शोभा. तोवर खाली तीन जणांनी हात जोडलेले, एकानं लिहिलं "काका ग्रेट होते", म्हणजे कालपर्यंत तिरळ्या आणि आज काका. मी काहीच लिहिलं नाही. मग मला स्वतःचीच दया यायला लागली. एवढं जीव ओतून लिहिलं, त्यात एक वाईट शब्द नाही माणसाबद्दल, उलट सगळं कौतुकच, आणि शेवटी मीच वाईट. आणि कोण नव्हतं म्हणत? अख्खा गावभाग म्हणायचा. तेव्हा कुणाला नाव होतं? टकल्या वाणी, बोबडा न्हावी, थोटा बर्फवाला. घरी पण आई विचारायची, तिरळ्याकडनं आणलीस का सायकल, भाडं दिलंस ना. तिचंही काही वाईट मनात नसायचं. असं मी संध्याकाळभर मनातल्या मनात वकिली करत होते, भाजी करपली ती वेगळीच.

पण माझा खरा घोळ तो नाहीये. ती पाचवीपासून माझ्या वर्गात होती. मागून दुसरा बाक. आणि मला आठवायला लागलंय ते असं, की दुकानाच्या आत एक पडदा होता, गोणपाटाचा, आणि त्याच्यामागे कुणीतरी असायचं. पाढे म्हटल्याचा आवाज यायचा कधीकधी. मग मला माहीत होतं का? म्हणजे तेव्हा? त्यांची मुलगी म्हणून नाही म्हणत, पण कुठंतरी कळलेलं असणार ना? की हे परवाच्या मेसेजनंतर मीच रचून घेतलंय, पडदा बिडदा? मला पाट्या आठवत नाहीत म्हणून मी मिरवते आणि वर घड्याळ पुढं होतं म्हणून साक्ष देते, तर पडद्याचं काय खरं.

धाकट्याला फोन करून विचारलं, पडदा होता का रे. तो म्हणाला, "ताई, रात्रीचे अकरा वाजलेत."

आणि एक. ते वहीत लिहून घ्यायचे सायकल देताना. वेळ, सायकलचा नंबर, नाव, आणि कुणाची कोण ते. मी एकदाच अर्धं नाव सांगितलं असेल, नंतर विचारायचेच नाहीत, पोरं सायकलला हात लावायच्या आत नाव लिहून तयार. आम्हा सगळ्यांची नावं होती त्या वहीत, बापाच्या नावासकट. हे मी रविवारी लिहिलं नव्हतं. आठवलंच नाही रविवारी.

काल शेवटी तिला वेगळा मेसेज केला. चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. पहिल्यात फार स्पष्टीकरण होतं, दुसऱ्यात फार रडणं, तिसरा आमच्या ऑफिसच्या पत्रासारखा झाला. शेवटी एवढंच पाठवलं की चुकलं गं माझं, आणि मला खरंच नाव माहीत नव्हतं. त्यातलं दुसरं वाक्य बरोबर आहे की नाही ते मला अजून कळत नाहीये, पण गेलं.

दोन तास काही नाही. निळ्या खुणा झालेल्या, पण काही नाही. मग हे आलं, मी जसंच्या तसं उतरवतेय:

"अगं सोड. आम्ही तुझ्या वडलांना फूटपट्टी म्हणायचो."

मी तीनदा वाचलं. फूटपट्टी! नानांना! आणि मग एकदम हसूच फुटलं, एकटीच हसत बसले किचनमध्ये, हे उठून आले बघायला. कारण बरोबर होतं ना ते, इतकं बरोबर की मला कसं सुचलं नाही. पावसाळा लागला की नाना दिवसातनं दोनदा छत्री घेऊन आयर्विनला जायचे, पुलाच्या खांबावरचे पाण्याच्या फुटांचे आकडे वाचून यायचे आणि येताना गल्लीभर सांगत यायचे. तीस. चौतीस. चाळीस झालं, इशारा झाला. पंचेचाळीसला धोका. कुणी विचारलेलं नसायचं. कोयनेतनं सोडलंय, आत्ता कऱ्हाडला असेल पाणी, असं तर ते नातेवाईकाची एसटी यायची असल्यासारखं सांगायचे. आम्हाला इतकी लाज वाटायची. मी तर मैत्रिणींबरोबर असले आणि लांबनं छत्री दिसली की बोळात वळायचे.

2005 च्या पुराला होते ते. 2019 च्या पुराला नव्हते. तेव्हा 57 च्या वर गेलं पाणी, आणि मी इथं पुण्यात टीव्हीसमोर बसून... असो.

मग ती बराच वेळ लिहीत होती. तिच्या वडलांना पुलापर्यंत जायला वेळ नसायचा, दुकान कोण बघणार. मग ते तिला पाठवायचे, जा, फूटपट्टी काय म्हणतोय ऐकून ये. म्हणजे तेही. म्हणजे पन्नास पैशांच्या वहीत नानांचं नाव नीट लिहिणारा माणूस घरात त्यांना फूटपट्टीच म्हणायचा! ती आमच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहायची, नानांचा आकडा ऐकायची आणि पळत जायची. अडतीस म्हटलं की ट्यूब, टायर, सोल्युशनची खोकी माळ्यावर. एक्केचाळीस म्हटलं की सायकली दोन दोन करून वरच्या अंगाला मावशीच्या वाड्यात. तिनं लिहिलं, तुझे वडील एकदाही चुकले नाहीत. मी लिहिलं, घड्याळ पण बरोबर होतं. त्यावर तिनं अंगठा पाठवला.

पडद्याचं मी विचारलं नाही. दोनदा टाइप करून पुसलं. ती कोपऱ्यावर उभी राहायची म्हणते, तर मला ती कधी दिसली नाही, हेही विचारलं नाही. मी बोळात वळलेली असेन.

धाकट्याला सकाळी सांगितलं फूटपट्टीचं, तर म्हणे, तुला माहीत नव्हतं? त्यावरनं त्यानं एकाचा शर्ट फाडलेला म्हणे सहावीत. आईचा मार खाल्ला पण कारण सांगितलं नाही. कमाल आहे, माझ्याच घरात.

आज तिकडे धो धो आहे. आत्ता झोपायच्या आधी तिचा मेसेज, "आयर्विनला किती?" मी फोनवर शोधून सांगितलं, बावीस. तेवढ्यावर थांबायचं होतं, पण राहवेना, म्हणून पुढं लिहिलं की काळजी नको, कोयनेतनं अजून सोडलेलं नाही.

लगेच उत्तर आलं. "बरं, फूटपट्टी."