खांडसहून भीमाशंकर, गणेश घाटाने

श्रावणात भीमाशंकरला बहुतेक जण मंचरवरनं एसटीने नाहीतर स्वतःच्या गाडीने जातात, आम्ही मात्र कर्जतकडून खांडसला उतरून पायी वर चढलो. खांडसहून दोन वाटा आहेत, शिडी घाट आणि गणेश घाट. शिडी घाट जवळचा पण कड्याला लोखंडी शिड्या, खाली दरी आणि पावसात सगळं शेवाळलेलं, गावातल्या एका आजींनी तर आमच्याकडे बघून आधीच सांगून टाकलं, "बाबांनो, गणपतीकडनंच जा रे." मग काय, गणेश घाट. ही वाट लांबची, पदरगडाला वळसा घालून जाते, पण चढ अंगावर येत नाही आणि हर हर महादेव करत पोराबाळांना घेऊन चढणारी मंडळी भेटतात.

दोन्ही वाटा पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, एकत्र येतात, तिथे चहा घेतला, आणि मग शेवटचा चढ सुरू होतो तो थेट जंगलातच. खरं भीमाशंकर मला इथे दिसतं, देवळात नंतर. अंजन, जांभूळ, हिरडा, वरून पाऊस थांबला तरी झाडं अर्धा तास गळतच असतात, धुक्यात पुढच्याची फक्त सॅक दिसते. शेकरू काही दिसलं नाही, पण फांद्यांच्या बेचक्यातली त्याची घरटी दिसली, एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं. या शेकरूंसाठीच तर १९८५ मध्ये अभयारण्य झालं.

वर आलं की गंमत अशी की देव अजून खालीच, देऊळ खोलगटात आहे, एवढं चढून परत पायऱ्या उतरायच्या. रांग भली मोठी होती, त्यामुळे बाहेरची घंटा निवांत बघून झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची ही पोर्तुगीज घंटा. आणि आम्ही ज्या उतारावरनं चढलो तिथलं पाणी उल्हास नदीतून वसईच्याच खाडीला जाऊन मिळतं! देवळाच्या बाजूचं पाणी मात्र भीमेचं, ते चंद्रभागा होऊन पंढरपूरला जातं, पुढे कृष्णेत आणि तिथनं बंगालच्या उपसागरात. आमच्यातले एक काका दरवर्षी आषाढी करतात, त्यांनी तिथलं पाणी बाटलीत भरून घेतलं, म्हणे पुढच्या वर्षी वाळवंटात ओतणार.

उतरताना पाय बोलायला लागले होते, मग मंचरची एसटी पकडली, उभ्यानेच.