तुम्ही विचारलंत म्हणून: एका अक्षराला दोन दिवस

"अगं कोडमध्ये एकच अक्षर बदललंय, रिव्ह्यूला दोन दिवस कसले लावतेस?" हे मला स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, विचारून झालंय, टपरीवर चहा पिताना विचारून झालंय, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरूनही. दरवेळी "बघते आज" म्हणून वेळ मारून नेते. आज सांगूनच टाकते.

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि गिट क्लीन ही त्यातली नोंद नसलेल्या फायली उडवणारी कमांड. तिला दोन एक्स, म्हणजे दोन पर्याय, आहेत. छोटा एक्स गिटमध्ये नसलेलं सगळंच उडवतो, गिटइग्नोरमधलं, म्हणजे "याकडे दुर्लक्ष कर" म्हणून गिटला दिलेल्या यादीतलंसुद्धा. मोठा एक्स फक्त इग्नोर केलेलं उडवतो, नव्या फायलींना हात लावत नाही. आमच्या टीमची बिल्डचा, म्हणजे प्रोग्रॅम तयार करताना साचणारा, कचरा काढायची एक स्क्रिप्ट होती, ती छोटा एक्स वापरायची, त्यामुळे कोणी नवीन फाइल लिहिली आणि गिटमध्ये ॲड करायची राहिली की कचऱ्याबरोबर तीही जायची. बग खरा होता. फिक्स आला, छोट्याचा मोठा एक्स. टेस्ट हिरवी, वर्णन नीटनेटकं, मी चार मिनिटांत ॲप्रूव्ह केलं. वर शहाणपणा करून कमेंट टाकली की हेल्प टेक्स्टमध्ये एक स्पेलिंग चुकलंय. ती कमेंट मी अजूनही अधूनमधून उघडून बघते.

त्याच ओळीत, जेमतेम दहा अक्षरं पुढे, आणखी एक पर्याय होता, डॅश ई. डॅश ई सॅम्पल्स. म्हणजे सॅम्पल्स फोल्डर वगळा, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो. आणि छोट्या एक्सबरोबर ते तसंच चालतं. पण डॅश ईचा खरा अर्थ "हे वाचवा" असा नाहीच, "हेही इग्नोरच्या यादीत धरा" असा आहे. आता मोठा एक्स तर इग्नोरच्या यादीतलंच उडवतो! रखवालदाराच्याच हातात झाडू दिला आम्ही. वाचवायचं असतं तर नावाआधी उद्गारचिन्ह लावायला हवं होतं.

टीममधला एक पोरगा तीन आठवडे दुकानांच्या पावत्यांच्या फोटोंना हाताने लेबलं लावत बसला होता. सगळं त्या सॅम्पल्समध्ये, जड म्हणून इग्नोर केलेलं. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याने स्क्रिप्ट चालवली. स्क्रीनवर एकच ओळ आली, "रिमूव्हिंग सॅम्पल्स". फोल्डर अख्खा जातो तेव्हा गिट आतल्या फायली मोजून दाखवत नाही, एका ओळीत काम तमाम. तो माझ्याकडे आला तेव्हा घाबरलेला वगैरे नव्हता, "ताई, रिफ्लॉगमध्ये दिसत नाहीये, दुसरीकडे कुठे बघायचं?" एवढंच म्हणाला. रिफ्लॉग म्हणजे गिटमध्ये काय काय झालं त्याची यादी. त्यात कसं दिसणार, ते कधी गिटमध्ये गेलंच नव्हतं. एकदा जरी ॲड केलं असतं तर गिटमध्ये हरवलेलं शोधणाऱ्या एफएससीके कमांडने काहीतरी हाती लागलं असतं. तरी मी ते चालवलं, दोनदा, कारण त्याच्यासमोर नुसतं बसून राहणं जमेना. अकरा वाजले. फोटो दुसऱ्या दिवशी दुकानदारांकडून बरेचसे परत मिळाले. लेबलं गेली ती गेलीच.

आता तुम्ही म्हणाल बॅकअप का नव्हता. बरोबर आहे. फिक्स लिहिणाऱ्यानेही मॅन्युअल वाचलं नव्हतं, टेस्टमध्ये फक्त नवी फाइल शिल्लक राहते का एवढंच बघितलं होतं, आणि गिट बिचारं एरवी डॅश एफ, म्हणजे "खरंच उडव", असं सांगितल्याशिवाय थेट क्लीन करत नाही, ते कुलूप आम्हीच स्क्रिप्टमध्ये काढून ठेवलं होतं. मग माझ्या एकटीच्याच डोक्यावर खापर का? कोणी फोडलं नाही खरं म्हणजे. कोणी काही बोललंच नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

तेव्हाची मी म्हणायची, रिव्ह्यू म्हणजे बदललेली ओळ वाचणं. आत्ताची म्हणते, न बदललेलं आधी वाचायचं. पण तेव्हाची मी महिन्याला चाळीस रिव्ह्यू करायची आणि त्यातले एकोणचाळीस ठीकच असायचे, हेही खरंच ना? गेल्या महिन्यात मी नुसत्या एका मेसेजमधल्या टायपोला दीड दिवस अडवून धरलं आणि बिचाऱ्याची रिलीज हुकली. ती काळजी होती की भीती, माझं मलाच सांगता येत नाही.

तुम्ही ज्या फिक्सबद्दल विचारताय तो मी काल डॅश एन लावून, म्हणजे काहीच न उडवता काय उडेल ते नुसतं दाखवायला सांगून, एका रिकाम्या रेपोत (गिटच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये) चालवून बघितला. काही उडालं नाही. आज भरलेल्या रेपोत चालवते, आणि करते ॲप्रूव्ह. उद्या.